ट्यूबलाइटची बाजू

विनोद सांगून झाला, सगळे हसून झाले, चहाचे कप उचलले गेले, आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी एकटंच खो खो हसलं, की त्या माणसाचं तिथल्या तिथे बारसं होतं: ट्यूबलाइट! शाळेच्या मागच्या बाकापासून बँकेच्या काउंटरपर्यंत ही पदवी फुकट वाटली जाते. २०१७ साली या नावाचा हिंदी सिनेमा येऊन गेला आणि २०२० साली लोकसभेतल्या भाषणातही हा टोमणा मारून झाला. उलट बल्बचा थाट बघा. चित्रकथेतल्या माणसाला कल्पना सुचली की चित्रकार त्याच्या डोक्यावर हमखास बल्ब काढतो, ट्यूब काढलेली कुणी पाहिली नसेल. थोडक्यात, बल्ब हुशार आणि ट्यूब मठ्ठ, असा निकाल लागून गेला आहे आणि त्याला आधार एवढाच की बटण दाबल्यावर ट्यूब दोन-तीन सेकंद घेते. आरोपीचं म्हणणं कुणी ऐकलेलं नाही, साक्षीपुरावा झालेला नाही, साधा पंचनामाही नाही. तो करायला बसलं की पहिल्याच पानावर कळतं, की उशीर होतो हे खरं, पण तो करणारा इसम दुसराच आहे.

आधी घटनास्थळ पाहू. बल्बच्या आत टंगस्टनची एक सलग तार असते. एका टोकाने वीज शिरते, दुसऱ्या टोकाने बाहेर पडते आणि मधल्या मध्ये तार तापून पांढरी होते. यात बल्बने केलं काय? तापला. करंट लागताच तापणं ही हुशारी असेल, तर आपल्याकडच्या निम्म्या सासऱ्यांना प्रज्ञावंत म्हणावं लागेल. ट्यूबची गोष्ट अवघड आहे. तिच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी फिलामेंट असते आणि त्या दोघींच्या मध्ये जवळजवळ चार फूट तारच नसते. असतो तो विरळ आर्गॉन वायू आणि काही मिलिग्रॅम पारा. विजेने ही चार फुटांची दरी ओलांडायची, पाऱ्याच्या वाफेला धक्के द्यायचे, त्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघायचे आणि काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीने ते गिळून आपल्याला दिसेल असा उजेड बाहेर टाकायचा, असा हा लांबचा व्यवहार आहे. थंड ट्यूबमध्ये घरातलं २३० व्होल्ट ही दरी ओलांडू शकत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. टोकांच्या फिलामेंट तापवून त्यांच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे आणि मग एक सणसणीत धक्का द्यायचा. ही दोन्ही कामं ट्यूबकडे नाहीत. ती पट्टीवर बसलेल्या दुसऱ्या दोघांकडे आहेत: स्टार्टर आणि चोक.

स्टार्टर म्हणजे अंगठ्याएवढी डबी, पांढऱ्या प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची, बुडाला दोन बोथट पिना. पट्टीच्या भोकात घालून जरा फिरवली की बसते. उघडून पाहिली तर आत बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी दिसते आणि तिच्या शेजारी एक लहानसा कपॅसिटर. त्या कपॅसिटरचं मुख्य काम म्हणजे ट्यूब लागताना रेडिओत होणारी खरखर कमी करणं, म्हणजे शेजारधर्म. खरा उद्योग कुपीत चालतो. तिच्यात निऑन किंवा आर्गॉनसारखा वायू भरलेला असतो आणि एकमेकींना न चिकटलेल्या दोन पत्त्या असतात. त्यातली निदान एक पत्ती दोन वेगवेगळ्या धातूंची जोड असते. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, आणि पत्ती वाकते. बटण दाबलं की ट्यूब अजून झोपलेलीच असल्यामुळे सगळं व्होल्टेज स्टार्टरवर येतं. कुपीतला वायू मंद लुकलुकतो, त्या उबेने पत्ती वाकत जाते आणि शेवटी दुसऱ्या पत्तीला चिकटते. चिकटली की विजेला सलग रस्ता मिळतो: चोक, एका टोकाची फिलामेंट, स्टार्टर, दुसऱ्या टोकाची फिलामेंट. दोन्ही टोकं लालसर होऊ लागतात. इकडे पत्त्या चिकटल्यामुळे कुपीतला वायू विझलेला असतो, म्हणजे जिच्या उबेवर पत्ती वाकली ती ऊबच गेली. पत्ती निवते, सरळ होते आणि सुटते.

या सुटण्यात सगळी गंमत आहे. सामान्य समज असा की तारा जुळल्या की दिवा लागतो. ट्यूब लागते ती तारा तुटल्यावर. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावर गुंडाळलेलं तांब्याचं वेटोळं, आणि वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम तोडला की ते चवताळतं. हे वागणं जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३२ साली नोंदवून ठेवलं आहे. चवताळलेला चोक क्षणभर कित्येकशे व्होल्टचा, कधी हजाराच्या घरातला फटका देतो, चार फुटांची दरी ओलांडली जाते आणि ट्यूब लागते. लागली तर. कारण स्टार्टरची पत्ती आंधळी आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे करते, म्हणजे प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो. पत्ती नेमकी प्रवाह भरात असताना सुटली तर फटका जोरदार बसतो, आणि प्रवाह शून्याजवळ असताना सुटली तर फटका फुसका जातो. मग पुन्हा लुकलुकणं, पुन्हा वाकणं, पुन्हा चिकटणं. आपण खाली उभे राहून ज्याला ट्यूबचं फडफडणं म्हणतो, ते स्टार्टरचे हुकलेले मुहूर्त असतात.

याचा उघड पुरावा कोणत्याही शाळेच्या हॉलमध्ये किंवा लग्नाच्या मांडवात मिळत असे. बांबूला उभ्या बांधलेल्या वीस ट्यूब, एकाच कंपनीच्या, एकाच वायरवर, एकाच जनरेटरच्या जिवावर. बटण दाबलं की तिसरी आधी लागणार, मग अकरावी, मग पहिली, आणि नेमकी मुख्य दरवाजाजवळची वऱ्हाड येईपर्यंत फडफडणार. ट्यूब मुळात मंदबुद्धी असती तर वीसच्या वीस सारख्याच उशिरा लागायला हव्या होत्या. क्रम दर खेपेला बदलतो, यावरून उशिराचं खापर कुणाच्या माथी फुटायला हवं हे समजतं. त्या दरवाजाजवळच्या फडफडणाऱ्या ट्यूबला हात न लावता फक्त तिचा स्टार्टर बदलून पाहा. मठ्ठ ट्यूब एका झटक्यात हजरजबाबी होते.

आता स्टार्टरवर सगळं ढकलून मोकळं होणंही बरोबर नाही, कारण त्याच्या अंगी एक गुण असा आहे जो सार्वजनिक जीवनात जवळपास सापडत नाही. ट्यूब लागली की तिच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज शंभराच्या आसपास उतरतं. एवढ्यावर कुपीतला वायू लुकलुकू शकत नाही, म्हणून पत्ती वाकत नाही आणि स्टार्टर गप्प बसतो. जळती ट्यूब तशीच ठेवून स्टार्टर फिरवून काढून घेतला तरी उजेडात काडीचा फरक पडत नाही. तो लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा आहे: दोन्हीकडच्यांना तापवायचं, मग मधून अचानक बाजूला व्हायचं, आणि संसार सुरू झाला की पुन्हा म्हणून तिकडे फिरकायचं नाही. खरे मध्यस्थ नंतर वीस वर्षं प्रत्येक दिवाळीला येऊन ‘मी होतो म्हणून’ सांगतात, हा एवढाच फरक. चोकला मात्र अशी सुट्टी नाही. वायूत एकदा वीज वाहू लागली की तिला आवर राहत नाही, वाट अधिकाधिक मोकळी होत जाते आणि प्रवाह वाढत वाढत काहीतरी उडेपर्यंत थांबत नाही. चोक तिचा लगाम धरून रात्रभर उभा राहतो आणि त्या कष्टाने गुणगुणतो. ती गुणगुण लोखंडी पत्र्यांच्या थरथरीची असते. घरच्यांना ती ऐकू येते ती नेमकी परीक्षेच्या आदल्या रात्री.

ट्यूब निर्दोष असूनही शिक्षा तिलाच होते हे पाहायचं असेल तर तिच्या दुरुस्तीचा सोहळा आठवावा. एकजण स्टुलावर चढणार, दुसरा स्टूल धरणार, तिसरा बटणापाशी उभा राहून ‘लाव’, ‘बंद कर’, ‘अरे लाव म्हटलं ना’ या हुकमांवर नाचणार, आणि चौथा, ज्याला विजेतलं काही कळत नाही, तो टॉर्च भलतीकडे मारणार. पहिला उपाय म्हणून ट्यूब होल्डरमध्ये गरगर फिरवली जाते. दुसरा उपाय म्हणून तिला केरसुणीच्या दांड्याने टपल्या बसतात. खरं तर नीट पाहिलं तर आजार लिहून ठेवल्यासारखा दिसतो. दोन्ही टोकं लाल आणि मधे अंधार असेल, तर स्टार्टरच्या पत्त्या चिकटून बसल्या आहेत, किंवा शेजारधर्म पाळणारा तो कपॅसिटर शॉर्ट झाला आहे. स्टार्टर काढताक्षणी ट्यूब लागते, आणि त्याचं श्रेय स्टुलावरचा माणूस घेतो. काहीच हालचाल नसेल तर स्टार्टर मेला आहे, होल्डर सैल आहे किंवा फिलामेंट तुटली आहे. टोकं काळी ठिक्कर पडली असतील आणि लागता लागता विझत असेल, तर मात्र ट्यूबचं खरंच वय झालं आहे: फिलामेंटवरचा लेप उडून काचेवर जाऊन बसला, तेच ते काळं. बहुतेक घरांत निदान होतं ते वेगळ्या पद्धतीने. देवघरातला स्टार्टर काढून स्वयंपाकघरात लावतात, स्वयंपाकघरातला बाहेरच्या खोलीत, आणि शेवटी सगळं घर उजळून देव अंधारात राहतात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा बल्ब पिवळा का होईना, पण लागतो. ट्यूब तासन्‌तास फडफडते किंवा ढिम्म राहते. मग मठ्ठ कोण? वस्तुस्थिती मान्य आहे. व्होल्टेज उतरलं की कुपीतला वायू नीट लुकलुकत नाही, फिलामेंट पुरत्या तापत नाहीत, चोकचा फटकाही फुसका येतो. पण अशा वेळी बल्ब देतो काय, तेही मोजावं. व्होल्टेज २३० वरून १७० वर आलं, म्हणजे चौथ्या हिश्श्याने उतरलं, तर बल्बचा उजेड चौथ्या हिश्श्याने कमी होत नाही. तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. त्या लालसर उजेडात पुस्तक उघडता येतं, वाचता येत नाही. पडेल त्या व्होल्टेजवर पडेल तसं काम करून हजेरी लावणं ही एक पद्धत झाली, आणि तिची नोकरीत चांगली चलती आहे. ट्यूब किमान अट पूर्ण होईपर्यंत काम सुरू करत नाही आणि सुरू केलं की व्यवस्थित करते. हिला आडमुठेपणा म्हणा, पण मठ्ठपणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. कारण कुणाचंही असो, आम्हाला अंधारात दोन सेकंद उभं राहावं लागतं त्याचं काय? याचं उत्तर घाईची किंमत काढल्यावर मिळतं. थंड टंगस्टनचा विरोध तापलेल्या टंगस्टनच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो, म्हणून बटण दाबताक्षणी बल्बमधून नेहमीच्या दहापट किंवा त्याहून जास्त प्रवाह धावतो. पातळ झालेली तार त्याच क्षणी तुटते. बल्ब उडाल्याचा तो टिक आवाज बहुधा बटण दाबतानाच येतो, रात्री शांतपणे जळत असताना क्वचित. हजरजबाबीपणाने जीव जातो तो असा. ट्यूबलाही फिलामेंट न तापवता नुसत्या जोरदार फटक्याने लावता येतं, आणि काही स्वस्त इलेक्ट्रॉनिक चोक तसं करतात. पण अशी ट्यूब वारंवार चालू-बंद केली की तिचा लेप लवकर झडतो. म्हणून चांगले इलेक्ट्रॉनिक चोक आधी अर्धा-एक सेकंद फिलामेंट तापवतात आणि मगच फटका देतात. फडफड गेली, थांबणं राहिलंच, फक्त ते दिसेनासं झालं. आणि थांबल्याचा मोबदला? चाळीस वॉटचा बल्ब साधारण चारशे ल्युमेन उजेड देतो, तेवढ्याच वॉटची चार फुटी ट्यूब अडीच हजारांच्या आसपास. बल्ब हजार तास जगतो, ट्यूब कित्येक हजार. दोन सेकंद उशिरा येऊन सहापट काम करणाऱ्या कारकुनाला आपल्याकडे मेमो मिळतो हे खरं, पण म्हणून मेमो बरोबर ठरत नाही.

उशीर तसा या घराण्यातच आहे. विरळ वायूच्या नळीत वीज सोडून रंगीत उजेड काढण्याची करामत जर्मनीतल्या हाइनरिक गाइसलर यांनी १८५७ च्या सुमारास करून दाखवली. फ्रान्समध्ये बेकरेल यांनी अशा नळ्यांत चमकणारे पदार्थ घालून पाहिले. १९०१ मध्ये कूपर ह्युइट यांचा पाऱ्याचा दिवा आला, पण त्या निळ्या-हिरव्या उजेडात माणसं आजारी दिसत. १९२६ मध्ये एडमंड गेर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या ट्यूबच्या जवळ जाणाऱ्या दिव्याचा पेटंट अर्ज केला. आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ट्यूब बाजारात आणली १९३८ साली. पहिल्या लुकलुकीपासून प्रत्यक्ष उजेडापर्यंत ऐंशी वर्षं! मधल्या काळात ही कल्पना मूर्खपणाची आहे असं म्हणणारे किती असतील कोण जाणे. त्यांच्याकडे ट्यूबलाइट हा शब्द नव्हता एवढंच.

ट्यूबमध्ये खोट नाही असा दावा मात्र कुणी करू नये. साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद होते, आणि वर्कशॉपमध्ये गरगर फिरणारं लेथ तिच्या उजेडात थांबल्यासारखं दिसू शकतं. तिथे हात घातला तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायची पद्धत पडली. जुना तांब्याचा चोक स्वतःच दहा-एक वॉट खाऊन ऊब म्हणून उधळतो. आणि रंगांच्या बाबतीत स्वस्त ट्यूब सरळ खोटं बोलते, विशेषतः लाल रंगाच्या. साडीच्या दुकानात दोन तास गादीवर बसून पसंत केलेली डाळिंबी साडी उचलून ‘जरा बाहेर उजेडात बघू’ म्हणत बायका दुकानाच्या पायरीवर येतात, तो संशय अगदी शास्त्रशुद्ध आहे. आता गंमत पाहा. सतत थरथरणारा पण स्थिर असल्याचं भासवणारा, स्वतःच्या देखभालीवर भरमसाट खाणारा, खरे रंग लपवणारा माणूस आपल्या ओळखीत नाही असं कोण म्हणेल? त्याला कुणी ट्यूबलाइट म्हणत नाही. शिवी बसते ती पूर्ण तापल्याशिवाय न बोलणाऱ्याला.

एलईडी आल्यापासून हा खटला आता निकालात निघण्याच्या बेतात आहे. जुन्या पट्टीत बसणाऱ्या काही एलईडी नळ्यांबरोबर स्टार्टरच्या जागी लावायला तशीच एक डबी मिळते. तिच्यात ना वायू ना पत्त्या, नुसता फ्यूज असतो. काम गेलं तरी खुर्ची राहिली, हे स्टार्टरच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. ज्यांनी फडफडणारी ट्यूब जन्मात पाहिली नाही ती मुलंही एकमेकांना ट्यूबलाइट म्हणून चिडवतात. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात ठरवलं, की २०२७ संपेपर्यंत या सरळ नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची. भारत त्या करारात २०१८ पासून आहे. तोवर ज्यांच्या भिंतीवर पट्टी-चोकवाली ट्यूब आहे त्यांना एवढीच विनंती: ती फडफडू लागली तर तिला काढून फेकू नका, आधी स्टार्टर बदलून पाहा. आणि टोकं काळी पडून ती खरंच गेली असेल, तर तिच्यात पारा आहे हे लक्षात ठेवून, न फोडता, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.